अंडं घालणारी डबी

वेनिंगने ती डबी माझ्या हातात ठेवली तेव्हा मला वाटलं, गुडघ्यांसाठी काहीतरी आणलं असेल. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी तशी मायाळू आहे, पण तिच्या भेटवस्तूंचा भरवसा नाही. मागच्या वर्षी तिने मला बोलणारा वजनकाटा आणला होता. तो रोज सकाळी शेजारीपाजारी ऐकतील इतक्या खणखणीत आवाजात माझं वजन सांगायचा.

"बूदे, ओढून बघ," ती म्हणाली. मी तिच्या आईची मोठी बहीण, म्हणून बूदे.

"काय ओढू?"

"वेप आहे, बॅटरीवरची सिगारेट. आमच्या कंपनीचं नवीन. अजून बाजारात यायचंय."

मी चौसष्ट वर्षांची आहे. त्यातली एकतीस वर्षं मी इथे जावा बेटावर, कुदुसमध्ये, कारखान्यात लवंगी सिगारेटी कातरल्या. ओढताना त्यातली लवंग तडतडते, त्या आवाजावरून आमच्याकडे तिला क्रेतेक म्हणतात. माझ्या कात्रीखालून लाखो क्रेतेक गेल्या असतील, पण मी ओठाला एकही लावली नाही. हॉलमध्ये सहाशे बायका होत्या आणि धूर एकीचाही नव्हता. बाईमाणसाने ओढणं बरं दिसत नाही, हे आम्हाला क्रेतेक वळायला शिकवणाऱ्या बायकांनीच शिकवलं होतं. आणि आता या वयात ही पोरगी मला सांगते, ओढून बघ.

"तुझ्या आईला सांगू का?"

"आईनेच तुझं नाव सुचवलं. आम्हाला खऱ्या क्रेतेकची चव हवी आहे आणि तिचा तडतड आवाज हवा आहे. ऑफिसातल्या पोरांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुझं नाक एकतीस वर्षं त्यात होतं."

नाकाची स्तुती केली की मी विरघळते हे तिला ठाऊक आहे. मी चष्मा लावला. डबी साबणाच्या वडीएवढी, एका कोपऱ्यातून छोटी चोच निघालेली. मधल्या काचेत एक कोंबडी बसली होती आणि माझ्याकडे बघून पापण्या मिटत होती.

"ही कशाला?"

"ती तुझी. तू ओढलंस की ती दाणे खाते. दोन दिवस नाही ओढलंस तर चक्कर येऊन पडते."

"म्हणजे हिच्यासाठी मी ओढत बसू? हे बरं आहे तुमचं."

वेनिंग हसली. मी चोच ओठात धरली आणि ओढायचं सोडून फुंकलं. कोंबडीची पिसं विस्कटली आणि आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "आभारी आहे." मला हसू आवरेना. दुसऱ्या खेपेला नीट ओढलं. डबीच्या कडेने निळा दिवा फिरला, कोंबडीने दाणे टिपले, आणि डबीतून तडतड, तडतड असा आवाज यायला लागला. मग मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. वेनिंगने पाठ चोळली.

ठसका थांबला, पण डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. कारण वास खरा होता. आवाज साफ खोटा होता, कढईत कुरुपुकचे पापड तळल्यासारखा, पण वासात लवंग होती, तंबाखू होती, थोडा गूळ होता, आणि त्या वासात आमचा अख्खा हॉल उभा होता. फटफटायच्या आत सायकलींच्या रांगाच्या रांगा फाटकातून आत शिरायच्या. प्रत्येकीच्या हँडलला सागाच्या पानातला भात लटकलेला. तीनशे लाकडी यंत्रांचे दांडे एकाच वेळी खटखटत आणि त्यावर मुकादमाचा रेडिओ. घरी गेल्यावर तीनदा आंघोळ केली तरी केसांतून तो वास जायचा नाही. माझा मुलगा लहान असताना माझी वेणी नाकाशी धरून झोपायचा. या सगळ्याची आठवण मी कधी मुद्दाम काढली नाही. काढली असती तर त्यात यू कस्मिरा आलीच असती.

आमच्या कामात कुणी एकटी नसायची. एक वळणारी, एक कातरणारी, अशी जोडी. वळणारी यंत्रावर तंबाखू पसरते, कागद ठेवते, खळ लावते, दांडा ओढते. कातरणारी शेजारी बसून दोन्ही टोकांचे तंबाखूचे धागे कात्रीने छाटते आणि पन्नासाची जुडी बांधते. वळणारीचा हात आणि कातरणारीची कात्री एका ठेक्यात चालली पाहिजे, नाहीतर एकीसमोर ढीग आणि दुसरी रिकामी. नव्या जोड्यांना हे जमायला वर्ष लागायचं. मला यू कस्मिराबरोबर एका आठवड्यात जमलं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून यू, म्हणजे ताई, आणि ती मला तू म्हणायची, मुर अशी नावाने हाक मारायची. बावीस वर्षं आम्ही मांडीला मांडी लावून बसलो. माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या कळा पहिल्यांदा तिला कळल्या, कारण माझी कात्री चुकली.

"बूदे, अजून एक गंमत आहे," वेनिंग म्हणाली. "या डब्या जोडीने चालतात. एकीत कोंबडी, दुसरीत कोंबडा. दोघांनी एकाच वेळी ओढलं, एकाच वेळी सोडलं, असं दहादा जमलं की कोंबडी अंडं घालते."

"आणि अंड्याचं काय करायचं?"

"काही नाही. अंडं आलं की लोकांना आनंद होतो."

"कोंबडीवाल्यालाही होतो. त्याला ओढावं लागत नाही."

"आमच्या ऑफिसात अजून एकालाही जमलेलं नाही. आठवडा झाला. साहेब म्हणतात, इतकं अवघड ठेवलं तर कोण विकत घेईल? म्हणून म्हटलं, तुझ्यासारखीच अजून एक आण. तुझी जोडीदार कोण होती?"

मी सांगितलं, कार्सिनी होती, ती वारली. सुतियाह होती, तिला ऐकू येत नाही. दोघींबरोबर मी एक दिवससुद्धा बसले नव्हते. वेनिंग म्हणाली, "आई तर बू कस्मिरा म्हणाली." वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे बू म्हणतात.

"मग आईलाच विचार ना सगळं," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

आता सांगून टाकते, कारण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी कारखान्याने अर्ध्या जोड्या कमी करायचं ठरवलं. निवड सोपी होती. एका ठरलेल्या दिवशी मुकादम प्रत्येक जोडीची एक जुडी उचलणार, वरच्या क्रेतेक तपासणार. नीट असतील तर वळणारी राहील, नसतील तर जाईल. कातरणारीला मात्र जागा असली तरच दुसरी वळणारी मिळेल. त्याच्या आदल्या आठवड्यात मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्या तरण्या वळणारीची, तुगिरानची, कातरणारी लग्न होऊन गेली. तुगिरान राहणार हे नक्की. तुम्ही मोकळ्या झालात तर बरं होईल." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

यू कस्मिराचा नवरा जाऊन तेव्हा चाळीस दिवस झाले होते. तिचा हात थाऱ्यावर नव्हता. पन्नासात दोन-तीन तरी पोट फुगलेल्या निघायच्या. बावीस वर्षं मी अशा फुगीर क्रेतेक जुडीच्या पोटात घालत आले होते आणि चांगल्या बाहेरच्या फेरीत लावत होते. सगळ्याच कातरणाऱ्या तसं करायच्या. वळणारीची लाज राखणं हे कातरणारीचंच काम, त्याला कुणी फसवणूक म्हणत नसे. त्या दिवशी मी तेवढं केलं नाही. दोन फुगीर क्रेतेक वर ठेवल्या, अगदी जिथे मुकादमाचा अंगठा पडतो तिथे. माझ्या मुलाचं शिक्षण चालू होतं, नवऱ्याचं काम सुटलं होतं, आणि आज झाकलं तरी तिचा हात कधी ना कधी पकडला जाईल आणि तिच्यापाठोपाठ मीही जाईन, ही भीती होती. कारणं होती. कारणं सगळ्यांनाच असतात.

ती गेली. मी तुगिरानजवळ अडीच वर्षं बसले, मग हॉलच बंद पडला.

ईदला आमच्याकडे घरोघर जाऊन माफी मागायची रीत आहे. दर वर्षी मी तिच्या घरी जायचे, हात जोडून म्हणायचे, "वरचं-आतलं जे काही चुकलं असेल ते माफ करा." ती म्हणायची, "माझंही तुम्ही माफ करा." मग आम्ही बिस्किटं खायचो आणि मी घरी यायचे. पहिल्या वर्षी परत येताना मला इतकं हलकं वाटलं की मी वाटेत बर्फाचा गोळा घेऊन खाल्ला. माफी मागितली, माफी मिळाली, मिटलं. दुसऱ्या वर्षी तसं वाटलं नाही. तिसऱ्या वर्षापासून माझं बिस्किट बशीतच राहायला लागलं, तरी मी जात राहिले. माफीचे शब्द दर वर्षी तेच होते आणि तिचं 'तुम्ही'सुद्धा.

वेनिंगने माझं काही ऐकलं नाही. बुधवारी सकाळी तिच्या कंपनीच्या गाडीत मी चढले तर मागच्या सीटवर यू कस्मिरा बसलेली. इस्त्रीची बाटिक, पायात नवे सँडल, मांडीवर पिशवी. तिने खळ पुसायचं स्वतःचं फडकंसुद्धा आणलं होतं.

"बऱ्या आहात ना?" ती म्हणाली.

"बरी आहे, यू."

अर्धा तास गाडीत ड्रायव्हरच तेवढा बोलला, तोही फोनवर.

कंपनी म्हणजे शहराबाहेरच्या एका घरातल्या चार खोल्या. सगळी पोरं-पोरी पंचविशीच्या आतबाहेरची. आम्हाला मऊ खुर्च्यांवर बसवलं, चहा दिला, आणि दोघींच्या हातात एकेक डबी. माझ्यात कोंबडी, तिच्यात कोंबडा. यू कस्मिराने डबी उलटसुलट केली, चोचीला नाक लावलं आणि सरळ वेनिंगच्या साहेबाला, म्हणजे त्या तिशीच्या पोराला विचारलं, "लवंग कुठली?"

"मादुराची, बू."

"मादुरात कसली लवंग? तंबाखू येते मादुराहून. कुणीतरी गंडवलंय तुम्हाला."

पोरगा लाल झाला. मला आतून हसण्याची उकळी फुटली, पण मी चहात बघत राहिले. एके काळी अशा वेळी आम्ही एकमेकींना कोपर मारायचो.

मग वेनिंगने अंड्याचं समजावून सांगितलं. ऑफिसातली पोरं भोवती गोळा झाली. एकाने मोबाइल पुढे धरला. "घड्याळ लावू का? तीन मोजून ओढा, तीन मोजून सोडा," तो म्हणाला. यू कस्मिराने त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरला.

मी चोच तोंडात धरली. तिच्याकडे बघितलं नाही. बघायची गरज कधी नसायचीच, सगळं डोळ्याच्या कडेने कळायचं, तिचा खांदा हलला की माझा अंगठा कात्रीवर दाबला जायचा. आताही तिचा खांदा जरासा उचलला आणि मी ओढलं. तो खाली आला आणि मी सोडलं. दोन. तीन. ठसका येत होता, तो मी गिळला. सहा. सात. मला कुठे आहे याचं भान राहिलं नाही. मी छत्तीस वर्षांची होते, माझ्या डाव्या मांडीला तिची मांडी टेकली होती, आणि पुढे अख्खा दिवस पडला होता, आणि त्या दिवसाचं मला काही ओझं वाटत नव्हतं.

कोंबडी उठली, पंख झाडले आणि एक पांढरं अंडं काचेत गडगडत आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती गोड बाई दोन्ही डब्यांतून एकदमच म्हणाली, "आभारी आहे."

"पहिल्याच खेपेला!" साहेब पोरगा म्हणाला. "कसं जमवलंत?"

"यात जमवायचं काय?" यू कस्मिरा म्हणाली आणि खोकायला लागली. आम्ही दोघी खोकत बसलो. पोरींनी पाणी आणलं.

आवाजावर मात्र तिचंही माझ्यासारखंच मत पडलं. कुरुपुक. मग वेनिंगने कपाट उघडून आमच्यापुढे एक जुनं लाकडी यंत्र ठेवलं. कुठल्याशा जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेलं. तंबाखू, कुटलेली लवंग, कागद, खळीची वाटी, कात्री. "तुम्ही वळून द्या, आम्ही ती पेटवून खरा आवाज भरून घेतो. दोन-तीन झाल्या तरी पुष्कळ."

यू कस्मिराने दांडा दोनदा रिकामा हलवून बघितला, पट्टा ओढून ताठ केला आणि कामाला लागली. मी कात्री उचलली. पहिल्या चार घेऊन वेनिंग आणि बाकीची मंडळी शेजारच्या बंद खोलीत गेली, तिथे त्यांचा माइक होता. आम्हाला थांबा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून आम्ही थांबलो नाही. खट, खट. तंबाखूचे धागे माझ्या मांडीवर पडत होते. मी मनात म्हणत होते, हे संपू नये. तंबाखू संपू नये.

तिचे हात आता थरथरतात, वयाने. पुष्कळशा छान निघाल्या, थोड्या फुगीर निघाल्या. पन्नास झाल्यावर मी सवयीने जुडी बांधायला घेतली. जुडी कुणाला हवी होती? पण हात थांबेनात. चांगल्या बाहेर लावल्या आणि फुगीर मधे सरकवायला लागले.

"त्या वर ठेव," यू कस्मिरा म्हणाली.

"काय?"

"त्या फुगीर. आत कशाला खुपसतेस? वर ठेव. तेव्हा ठेवल्या होत्यास तशा."

तिने दांडा सोडला नव्हता. ती यंत्राकडेच बघत होती. माझ्या हातातली जुडी मी खाली ठेवली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"जुडी कोण बांधायचं, मुर? मुकादमाची आजी? त्याने मला दाखवली, ही बघा तुमची जुडी म्हणून. बावीस वर्षांत माझी फुगीर मला कधी दिसली नव्हती. मला वाटायचं, मी फुगीर वळतच नाही."

"मग दर ईदला का म्हणत होतीस, माफ केलं म्हणून?"

"तू काय म्हणत होतीस? जे काही चुकलं असेल ते. मी म्हणाले, माझंही. तेवढं तर मी नळ दुरुस्त करायला येतो त्यालाही म्हणते." तिने खळीचं बोट अंगावरच्या कपड्याला नाही, फडक्याला पुसलं, नीट, एकेक पेर. "पहिल्या वर्षी मला वाटलं, आता बोलेल. तुझ्यासाठी नारळाची वडी केली होती. तू बिस्किट खाल्लंस आणि गेलीस. खिडकीतून बघितलं तर कोपऱ्यावर बर्फाचा गोळा खात होतीस."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण धरणी असल्या कामाला कधी येत नाही. मी तिच्याकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "यू, तुझा नवरा जाऊन चाळीस दिवस झाले होते. तुझा हात चालत नव्हता. मला मुकादमाने तुगिरानची जागा दाखवली होती. मी त्या दोन मुद्दाम वर ठेवल्या. तुझं काम मी घालवलं. त्याची माफी मागते, जे काही चुकलं असेल त्याची नाही."

तिने फडक्याची घडी करून ते यंत्राशेजारी ठेवलं. शेजारच्या खोलीतून पोरांचा आनंदाचा आवाज आला, तडतड मिळाली होती बहुतेक.

"ऐकलं," ती म्हणाली. "आता लगेच काही म्हणवत नाही मला."

"पुढच्या ईदला येऊ?"

"ईदला येऊ नकोस. ईदला सगळेच येतात. मंगळवारी वगैरे ये. काही नसताना."

वेप बाजारात आलं, आमच्या लवंगेच्या आवाजासकट. वेनिंगने दोघींना एकेक डबी दिली. माझी कोंबडी चक्कर येऊन कधीच पडली, मी काही तिला उठवली नाही. माझ्या फुप्फुसांना एवढाच अनुभव पुरे.

पण मंगळवारी मी जाते. पहिल्या मंगळवारी तिने दार उघडून "आलीस?" एवढंच विचारलं आणि माझ्यापुढे शेंगदाणे कुटायला ठेवले. ती सकाळी घरून भाजी आणि शेंगदाण्याची चटणी विकते, तेव्हापासून, काम गेल्यापासून. ती भाज्या चिरते, मी कुटते. माफीचा विषय मी काढत नाही, कारण मी माझं बोलून चुकले आहे आणि पुढचं तिचं आहे. सहा मंगळवार असे गेले. दर वेळी घरी येताना मला वाटायचं, माफ केलं असं ती नाहीच म्हणणार.

काल सातवा होता. मी निघताना ती उंबऱ्यापर्यंत आली, माझ्या पिशवीत चटणीची पुडी टाकली आणि म्हणाली, "उद्या बुधवारी काय करतेस?"